शाळा सुटल्यानंतरचे सहा तास : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात शाळकरी मुलांच्या पाळणाघरांविषयीचे अनुभव कळवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

*

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून पहिलीत आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो आणि मी व माझे यजमान दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातो. शाळा दुपारी १ वाजता सुटते, व्हॅनवाले काका त्याला पाळणाघरात सोडतात आणि संध्याकाळी ७ च्या सुमारास मी त्याला घरी आणते. पाळणाघर स्वच्छ आहे, भिंतींवर चित्रे आहेत, कॅमेरे आहेत आणि आम्हाला मोबाइलवर केव्हाही पाहता येते. तिथे पस्तीसेक मुले आणि दोन मावशी आहेत. गृहपाठ रोज पूर्ण होतो. पण गेल्या काही आठवड्यांपासून तो घरात पाऊल टाकताच दप्तर फेकून आधी शू करायला धावतो आणि मग अधाशासारखा जेवतो. डबा मात्र रिकामा असतो. 'आज काय केलंस?' असे विचारले तर 'काही नाही' एवढेच उत्तर मिळते. परवा त्याच्या वहीतले अक्षर त्याचे वाटले नाही. संचालिकाबाईंना विचारले, तर 'तुम्ही कॅमेरा बघा ना, सगळं नीट आहे' असे त्या म्हणाल्या. सासूबाईंना वाटते की मी उगाच संशय घेते. पाळणाघर चांगले आहे की नाही, हे नेमके कशावरून ओळखावे?

— एक आई, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रातील इतर सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा एकाच वाक्याकडे वळले, ते म्हणजे मुलगा घरी येताच शू करायला धावतो. मी २० वर्षांहून अधिक काळ पाळणाघर चालवले आहे आणि त्या अनुभवावरून सांगते की, ज्या ठिकाणी मूल निर्धास्तपणे शू-शीला जात नाही, ते ठिकाण त्याला अजून आपले वाटलेले नसते. साडेसहा वर्षांचे मूल दुपारभर लघवी रोखून धरते त्याला काहीतरी कारण असतेच. कडी आतून अडकते, दिवा लागत नाही, जमीन ओली असते, मोठी मुले बाहेरून दार वाजवतात, पँटचे बटण उघडत नाही आणि मदत मागायला लाज वाटते, किंवा मध्येच परवानगी मागितली म्हणून कोणीतरी एकदा रागावलेले असते. एखाद्या दिवशी चड्डी ओली झाली आणि इतर मुले हसली, एवढेही पुरेसे असते. पुढे मूल पाणी पिणेच कमी करते, आणि त्यातून बद्धकोष्ठता किंवा लघवीचा संसर्ग उद्भवू शकतो. म्हणून यात संशयाचा भाग नाही. मुलाचे शरीर जे सांगत आहे ते तुम्ही ऐकले, इतकेच. लघवी करताना त्याला दुखते किंवा जळजळते का, हे विचारा आणि तसे असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

'आज काय केलंस?' या प्रश्नाला त्या वयाच्या मुलाकडे उत्तर नसते, कारण सहा तासांचा सारांश काढणे त्याला जमत नाही. त्याऐवजी रात्री पोळ्या लाटताना किंवा त्याला झोपवताना, सहज आठवल्यासारखे, लहान प्रश्न विचारा. जेवायला तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? शूला जायचं असेल तर कोणाला सांगावं लागतं? कोणती मावशी तुला आवडते, आणि ती नसते तेव्हा कोण असतं? एका वेळी एकच प्रश्न पुरे. उत्तर ऐकताना चेहऱ्यावर काळजी दिसू देऊ नका, नाहीतर मूल आपल्याला सांभाळून घेऊ लागते आणि पुढचे सांगत नाही.

डबा रिकामा असणे आणि पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो डबा तुम्ही पहाटे भरता, मूल तो दीड वाजता गार खाते, आणि त्यानंतर संध्याकाळी ७ पर्यंत साडेपाच तास जातात. मध्ये ४ किंवा साडेचारला दूध, पोहे, शेंगदाण्याचा लाडू, केळे असे काही मिळत नसेल तर त्याची भूक अगदी साधी आणि खरी आहे. खाऊ कोणी काढून घेते की अर्धा डबा केरात जातो, हेही पाहायला हवे. त्यासाठी जेवणाच्या वेळी मोठे माणूस मुलांजवळ बसलेले असते, की ओट्यापाशी उभे राहून 'आटपा, आटपा' म्हणत असते, एवढे डोळ्यांनी पाहिले की पुष्कळ कळते.

म्हणून अर्ध्या दिवसाची रजा काढून एकदा दुपारी १ वाजता आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ५ वाजता तिथे जा. दुपारी १ ते २ हा पाळणाघरातला सर्वांत कठीण तास असतो, कारण तीन-चार शाळांच्या व्हॅन थोड्या थोड्या अंतराने येतात, मुले भुकेली आणि घामेजलेली असतात, दप्तरे दारातच पडतात. त्या वेळी दाराशी कोणी वही घेऊन नाव लिहून घेते का? एखादे मूल आले नाही, तर किती मिनिटांनी पालकांना फोन जातो? माझ्याकडे १० मिनिटांचा नियम होता. व्हॅन वाहतुकीत अडकलेली असायची, तरीही आम्ही फोन करायचो आणि पालक कधी वैतागायचेही. संध्याकाळी मुलाला न्यायला कोण येऊ शकते, ती नावे लेखी घेतलेली आहेत का आणि अनोळखी माणूस आला तर मूल त्याच्या हवाली करण्याआधी तुम्हाला विचारले जाते का, हेही त्याच भेटीत कळेल.

आता माणसांच्या संख्येबद्दल. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असावी, तसेच प्रत्येक मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा असावी, असे म्हटले आहे. मात्र या सूचना सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी आहेत. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले, पण त्या तरतुदीच्या मनातही तान्हे बाळ आणि नोकरीवर परतणारी आई आहे. तुमचा मुलगा सहा वर्षांचा झाला आणि या सगळ्या विचाराच्या कक्षेबाहेर गेला. जणू पहिलीत नाव घातले की मूल स्वतःला सांभाळू लागते! इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालील मुलांना दिवसाला दोन तासांहून अधिक काळ सांभाळणाऱ्यांना, काही अपवाद वगळता, ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते आणि शाळा सुटल्यानंतरची पाळणाघरेही त्यात येतात. आपल्याकडे सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी असे काही असावे, असे मला फार मनापासून वाटते. ते होईपर्यंत मोजणी पालकांनीच करायची आहे. वरील प्रमाण धरले तर ३५ मुलांमागे दोन मावशी कागदावर पुरेशा ठरतात. पण त्यांपैकी एक पोळ्या भाजत असेल आणि दुसरी एका लहानग्याचे कपडे बदलत असेल, तर उरलेल्या ३४ मुलांकडे त्या वेळी कोणीही नसते. म्हणून नोकरीवर किती जणी आहेत असे विचारू नका. साडेतीन वाजता मुलांच्या खोलीत किती जणी असतात, असे विचारा. त्या मावशी गेल्या वर्षीही होत्या का, हा प्रश्न तर नक्कीच विचारा. दर तीन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर मुलाला बटणासाठी हाक मारण्याइतकी ओळख होणार कशी?

गृहपाठाविषयी थोडे कठोरपणे लिहिते. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊच नये. शाळा तरीही देते, पालक तो पूर्ण झालेला पाहू इच्छितात, आणि पस्तीस वह्या हातावेगळ्या करायच्या असल्याने पाळणाघरातल्या मावशी मुलाचा हात धरून किंवा स्वतःच लिहून मोकळ्या होतात. त्या वहीत पाळणाघराचा दोष आहेच, पण 'आज सगळा अभ्यास झाला ना?' असे दारातच विचारणाऱ्या आम्हा पालकांचाही आहे. चार तास बाकावर बसून आलेल्या मुलाला जेवणानंतर आडवे व्हायला चटई, आणि उन्हे कलल्यावर धावायला अंगण किंवा निदान गच्ची हवी. बाल हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदवला आहे. पाळणाघराला तुम्ही स्पष्ट सांगा की वही अपुरी राहिली तरी चालेल, पण रोज तासभर मोकळा खेळ हवा.

आणि कॅमेरा. नवी मुंबईतील खारघरच्या पाळणाघरात २०१६ मध्ये एका दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, तेव्हा तिथे कॅमेरा होता. आईवडिलांनी बाळाच्या अंगावरील खुणा पाहून तक्रार केली आणि त्यानंतर ते चित्रण पाहिले गेले. पुराव्यासाठी कॅमेरा असावा, पण 'कॅमेरा बघा' हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. मावशी कोणत्या आवाजात बोलतात आणि स्वच्छतागृहाच्या दारापाशी काय घडते, हे त्या लहानशा पडद्यावर समजत नाही.

संचालिकाबाईंशी पुन्हा बोला, मात्र संध्याकाळी न्यायच्या गर्दीत नको. वेळ ठरवून बसा. तक्रार म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगा की मूल दुपारभर शूला जात नाही, यावर आपण दोघी मिळून काय करू या? जेवणानंतर आणि खेळायला जाण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचे, असा साधा रिवाज ठेवला तरी बराच फरक पडतो. एखादी जबाबदार बाई हे ऐकून त्याच दिवशी कडी तपासेल आणि आठवड्याने स्वतःहून तुम्हाला सांगेल. तीन आठवड्यांत काही बदलले नाही, किंवा तुम्ही बोलल्यानंतर मुलालाच 'घरी जाऊन सांगतोस का?' असे विचारले गेले, तर मात्र वर्ष संपण्याची वाट न पाहता जागा बदला. मुलाला असे दटावले गेले तर एक दिवसही थांबू नका. सासूबाईंच्या वेळी मुले अशीच वाढली हे खरे आहे, पण त्या वेळी वाड्यात किंवा चाळीत शेजारच्या चार दारांपैकी एक तरी उघडे असायचे. तुमच्या मुलासाठी ते उघडे दार म्हणजे हे पाळणाघरच आहे.

*

आपल्या मुलीविषयी लिहिणाऱ्या, पण पत्र छापू नये अशी विनंती करणाऱ्या वाचक भगिनीस :

तुमचे पत्र येथे छापलेले नाही आणि त्यातील कोणताही तपशील देत नाही. मुलीने जे सांगितले, त्यावर विश्वास ठेवा आणि ते तिला बोलूनही दाखवा : तू सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी काहीही चूक नाही. तिला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका आणि पाळणाघराच्या चालकांसमोर तिला उभे करून शहानिशा करू नका. उद्यापासून तिला तिथे पाठवू नका.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तुम्हाला 'आमच्या पातळीवर बघतो, बाहेर बोलू नका' असे सांगणाऱ्या चालकांवरही हे बंधन आहे, आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुम्ही जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊ शकता किंवा १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य फोन करू शकता. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना नोंदवावा, तिची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करावी, तिचे नाव किंवा ओळख कोठेही प्रसिद्ध होऊ नये, हे सारे याच कायद्यात लिहिलेले आहे. लोक काय म्हणतील याची जी भीती तुम्ही व्यक्त केली आहे, तिच्यासाठीच ही शेवटची तरतूद आहे. हा अंक हाती पडेपर्यंत थांबावे लागू नये म्हणून तुम्हाला टपालाने वेगळे उत्तरही पाठवले आहे.

*

महोदया,

आमच्या सोसायटीत एक आजी घरगुती स्वरूपात पाच मुले सांभाळतात. दुसरीकडे मुलीच्या शाळेने शाळेच्या आवारातच दुपारचे वर्ग सुरू केले असून त्यात अबॅकस, बुद्धिबळ, इंग्रजी वाचन आणि नृत्य असा भरगच्च कार्यक्रम आहे. मुलगी सात वर्षांची आहे. कोणता पर्याय निवडावा?

— एक वडील, पुणे

उत्तर : सात वर्षांच्या मुलीला शाळेनंतर पुन्हा चार तासिका नकोत, म्हणून माझा कल आजींकडे आहे. मात्र आजींना बरे नसेल त्या दिवशी कोण येते, घरात दुपारी आणखी कोण कोण असते, गच्ची व बाल्कनीला जाळी आहे का आणि टीव्ही किती वेळ चालू असतो, हे आधी पाहून घ्या. शाळेची जागा ओळखीची आहे, मैदान आहे आणि व्हॅनचा एक प्रवास वाचतो, हा शाळेच्या पर्यायाचा मोठा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. त्यांनी चारपैकी दोनच तासिका घेऊन उरलेला वेळ मैदानावर सोडण्याची मुभा दिली, तर माझे मत बदलेल. आणि मुलीला दोन्ही ठिकाणी एकेक दुपार घालवू द्या. सात वर्षांचे मूल आपले मत नीट सांगू शकते.

*

ताईंना नमस्कार.

मी सांगलीत गेली नऊ वर्षे पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे २२ मुले आहेत, त्यांतली बरीचशी पहिली ते चौथीची. वर्तमानपत्रांत पाळणाघरांविषयी वाईटच छापून येते, म्हणून लिहिते. पालक मुलाला तापाचे औषध पाजून आणून सोडतात आणि दुपारी ताप चढला की फोन उचलत नाहीत. ७ ची वेळ असताना ८ ला न्यायला येतात. फी २०० रुपयांनी वाढवली तर कुरकुर होते. माझ्या मदतनीस बाईंना दुसरीकडे धुण्याभांड्याचे यापेक्षा जास्त पैसे मिळतात, त्यामुळे त्या टिकत नाहीत. दर्जा दर्जा म्हणतात तो मी कोठून आणू?

— एक पाळणाघरचालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्राशिवाय हे सदर एकतर्फी झाले असते. मी वर डोंबिवलीच्या भगिनीला मावशी टिकून आहेत का हे विचारायला सांगितले आहे, आणि त्या का टिकत नाहीत हे तुम्ही लिहिले आहे. मुलांना सांभाळण्याच्या कामाला धुण्याभांड्यापेक्षा कमी मोल मिळते, ही आपल्या सगळ्यांची शरमेची बाब आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली, तेव्हा मुलांचे नाक पुसणे, नखे काढणे, आंघोळ घालणे हे त्यांनी शिक्षणाच्या आधीचे काम न मानता शिक्षणच मानले. तारा मोडक यांना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, त्यांचे नाव आपण आदराने घेतो, पण तेच काम आज दुपारी करणाऱ्या बाईला आपण 'हाताखालची बाई' म्हणतो.

तरीही काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. तापाचा नियम लेखी करा आणि जूनमध्ये प्रवेश देतानाच त्यावर सही घ्या : ताप उतरून पूर्ण एक दिवस झाल्याशिवाय मूल येणार नाही, आणि पालकांचा फोन लागला नाही तर ज्यांना बोलवायचे अशा आणखी दोघांचे क्रमांक दिलेले असतील. पालकांना रजा मिळत नाही हे मला माहीत आहे आणि त्यांचीही ओढाताण समजते, पण तापाने फणफणलेले मूल २१ मुलांच्या गलक्यात कोपऱ्यात पडून राहते, तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवायलाही कोणाला उसंत नसते. उशिरा येणाऱ्यांकडून दर अर्ध्या तासाला ठरावीक जादा रक्कम घ्या आणि ती संपूर्ण रक्कम थांबलेल्या मदतनीस बाईंना त्याच आठवड्यात द्या. हे पैसे कोणाला जातात हे पालकांना सांगितले की बहुतेक जण वेळेवर येऊ लागतात, हा माझा अनुभव आहे. आणि जे येत नाहीत ते निदान कुरकुर न करता देतात.

फीबद्दल म्हणाल, तर वाढीचा कागद नुसता दारावर लावू नका. पालकांची एक बैठक घ्या आणि जमाखर्च उघडपणे मांडा : भाडे किती, वीज किती, खाऊ किती, बाईंचा पगार किती, आणि तुम्हाला काय उरते. २२ मुलांमागे दर महिन्याला २०० रुपये म्हणजे ४४०० रुपये होतात. एवढ्यात दुसऱ्या बाईंचा पूर्ण पगार निघणार नाही, परंतु दुपारी १ ते ५ या वेळेसाठी एखादी गरजू, मुलांची आवड असलेली महिला मिळू शकेल किंवा सध्याच्या बाईंचा पगार धुण्याभांड्याच्या पुढे नेता येईल. माझे मत यांतल्या दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. आधी आहेत त्या बाईंना टिकवा, कारण मुलांना त्यांचा आवाज ओळखीचा आहे. त्या बैठकीला त्यांनाही बोलवा, खुर्ची द्या, आणि कोणत्या मुलाला भेंडी आवडत नाही, कोण झोपताना पांघरुणाचे टोक हातात धरते, हे पालकांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. पगारवाढीचा विषय त्यानंतर काढा.